पिऊन गाडी चालवणाऱ्याने घरचा माणूस नेला, त्यानंतर कुटुंबाने काय करावे?

रस्ते अपघाताविषयी वाचकांचे प्रश्न बहुतेक वेळा उशिरा येतात. दहावा-तेरावा होऊन जातो, पाहुणे परततात, सावकाराचा किंवा बँकेचा माणूस दारात येतो आणि मग विचारणा सुरू होते. "चालक पिलेला होता, म्हणजे विमा कंपनी हात वर करणार का?" "पोलिसांनी केस केलीय, मग आपण वेगळं काय करायचं?" "समोरचे लोक दोन लाख द्यायला तयार आहेत, घ्यावेत का?" "सून माहेरी गेली, तिचा हक्क राहतो का?" धाराशिव जिल्ह्यातून सोलापूर-धुळे आणि पुणे-हैदराबाद हे दोन मोठे महामार्ग जातात. येडशी, येरमाळा, तामलवाडी, नळदुर्ग, उमरगा या पट्ट्यातल्या अनेक घरांना हे प्रश्न पडतात. या लेखात त्यांची उत्तरे कामाच्या क्रमाने दिली आहेत.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. अपघातानंतर दोन वेगळे रस्ते सुरू होतात. एक फौजदारी खटल्याचा, चालकाला शिक्षा व्हावी म्हणून. दुसरा नुकसानभरपाईचा, तुमचे घर चालावे म्हणून. पहिला रस्ता सरकार चालवते आणि त्याला वर्षे लागतात. दुसरा तुम्हाला चालावा लागतो आणि त्याला मुदत असते. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यासाठी थांबायचे कारण नाही. चालक फौजदारी खटल्यात सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही, कारण दोन्हीकडे पुराव्याचे माप वेगळे असते.

दवाखान्यात असताना

जखमी माणूस जिवंत असेल तर आधी उपचार. १०८ ची रुग्णवाहिका, पोलीस मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारची रोकडरहित उपचार योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, १ लाख ५० हजार रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात. त्यासाठी पोलिसांकडून अपघाताची खातरजमा लागते, म्हणून पोलिसांना कळवण्यात उशीर करू नका. पुढच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा अर्ज लगेच करा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आपल्या जिल्ह्यात एक अडचण नेहमी येते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. गंभीर जखमीला इथून सोलापूरला किंवा लातूरला हलवतात. तिथे मृत्यू झाला तर तिथल्या पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा आणि शवविच्छेदनही तिथेच होते. मूळ गुन्हा मात्र नळदुर्ग, येरमाळा किंवा ढोकी ठाण्यात 'जखमी' म्हणून नोंदलेला असतो. हे कागद एकमेकांना मिळाले नाहीत तर गुन्ह्यात मृत्यूचे कलम लागायला उशीर होतो आणि विमा कंपनी विचारते, हा मृत्यू त्याच अपघाताने झाला कशावरून? म्हणून तिथल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. मूळ ठाण्यात लेखी अर्ज द्या की जखमीचा मृत्यू झाला आहे, कागद मागवून कलम वाढवावे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. दवाखान्याचे दाखल-कार्ड, संदर्भचिठ्ठी, औषधांची बिले, रुग्णवाहिकेची पावती हे सगळे एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कोणा पुढाऱ्याच्या हाती देऊ नका.

पोलीस ठाण्यात काय मागायचे

- प्रथम खबर अहवालाची, म्हणजे एफआयआरची प्रत. ती फिर्यादीला आणि पीडिताला मोफत मिळते. मृताचे कायदेशीर वारस कायद्याने 'पीडित' आहेत.
- घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल.
- धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक, नोंदणी पुस्तिका, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना यांच्या प्रती. परिवहन विभागाच्या ॲपवर वाहन क्रमांकावरून विम्याची मुदत तुम्हालाही पाहता येते.
- पहिला अपघात अहवाल. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी हा अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. अपघाताचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. पीडितांचे हक्क सांगणारे पत्रकही पोलिसांनी तुम्हाला १० दिवसांत द्यायला हवे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात हे नियम काटेकोर पाळायला सांगितले आहे. तरीही ठाण्यात गेल्यावर "असं काही नसतं" असे उत्तर मिळाले तर वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तोच अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाला पाठवा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांचे कर्तव्य आहे.

फिर्याद देताना घाईत सही करू नका. अपघाताची वेळ, दिशा, वाहन कोणत्या बाजूने आले हे वाचून घ्या. मृताच्या नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणेच आहे का ते बघा. जुन्या कागदांवर जिल्ह्याचे नाव 'उस्मानाबाद' आणि नव्यांवर 'धाराशिव' असेल तर त्याची काळजी नको. अडते ते माणसाच्या नावापाशी: एका कागदावर 'बालाजी', दुसऱ्यावर 'बाळासाहेब'.

दारूचा पुरावा: सगळे काही पहिल्या तासांत

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा होतो. अटकेनंतर २ तासांत चालकाची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. तास जातात तसे रक्तातले मद्य उतरत जाते आणि सकाळपर्यंत थांबलेला नमुना काहीच सांगत नाही. चालकाने श्वासतपासणी किंवा रक्त देण्यास नकार दिला असेल तर तीही नोंद घ्यायला लावा, कारण नकार त्याच्याविरुद्ध जातो.

नमुना घेतला का, किती वाजता, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या डॉक्टरांनी, प्रयोगशाळेकडे कधी रवाना केला, एवढे पाच प्रश्न तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. सगळ्या राज्याचे लक्ष असलेल्या प्रकरणात हे घडू शकते, तर रात्री दीड वाजता महामार्गावर झालेल्या अपघातात विचारणारे कोणी असावे, ही गरज उघड आहे.

रक्ताच्या अहवालाशिवायही काही पुरावे असतात. चालक ज्या ढाब्यावर किंवा परमिट रूममध्ये बसला तिथले बिल, तिथला कॅमेरा, टोलनाक्यावरचे चित्रीकरण, पहिल्यांदा धावून आलेल्या माणसांचे जबाब. तामलवाडी, येडशी, फुलवाडी, तलमोड इथे टोलनाके आहेत. कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांतच पुसले जाऊन त्यावर नवे येते, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती पोलिसांना आणि टोल व्यवस्थापनाला त्याच आठवड्यात लेखी करा. मदतीला आलेल्या माणसाला सांगा की कलम १३४-अ प्रमाणे त्याच्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. हे कळले की साक्ष द्यायला तो कचरत नाही.

कोणते कलम लागते, आणि त्याने काय फरक पडतो

साधारणपणे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते: निष्काळजीपणाने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा जामीनपात्र. म्हणून चालक दुसऱ्या दिवशी गावात फिरताना दिसतो. "पैसे देऊन सुटला" असे लगेच म्हणू नका, कायद्यातच तशी तरतूद आहे. मात्र पिऊन, माणसे मरू शकतात हे ठाऊक असताना गाडी चालवली असे पुराव्यातून दिसले तर कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध लावता येतो. तो अजामीनपात्र आहे आणि जाणीव सिद्ध झाली तर शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते.

याचा आधार आपल्याच राज्यातल्या खटल्यात आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. ७ जण ठार, ८ जखमी. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून ६ महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ती ३ वर्षे केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अ‍ॅलिस्टर परेरा खटला म्हणून वकील त्याचा दाखला देतात. कलम १०५ लावावे असा अर्ज तुम्ही तपास अधिकाऱ्याला देऊ शकता. आरोपपत्रानंतर सरकारी वकिलांना साहाय्य करायला तुमचा स्वतःचा वकील न्यायालयाच्या परवानगीने उभा राहू शकतो आणि आरोपी सुटल्यास अपील करण्याचा हक्क पीडित म्हणून तुम्हालाही आहे.

भरपाईचा दावा: कुठे, कोणी, किती दिवसांत

दावा जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दाखल होतो. अपघात झाला त्या जिल्ह्यात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात किंवा प्रतिवादी राहतो तिथे, यापैकी कुठेही दाखल करता येतो. मुलगा चाकणला कामाला, अपघात येरमाळ्याजवळ आणि घर कळंब तालुक्यात असेल तर धाराशिवलाच दावा लावा. पुण्याच्या खेपा वाचतील. पुढचे अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाते.

मुदत ६ महिन्यांची आहे. या मुदतीच्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, त्यामुळे ६ महिने उलटले असले तरी हताश होऊन घरी बसू नका, वकिलांना भेटा. पण ज्यांच्या हातात अजून दिवस आहेत त्यांनी या आव्हानाच्या भरवशावर एक दिवसही घालवू नये. पोलिसांचा अहवाल हाच दावा म्हणून धरता येतो अशी तरतूद आहे खरी, तरी आपला अर्ज आपण करावा.

दावेदार म्हणून पत्नी, मुले, आई, वडील, अवलंबून असलेली भावंडे अशी सगळी नावे एकाच अर्जात घाला. सासरच्यांनी एक आणि सुनेने दुसरा असे दोन अर्ज झाले की वर्षे वाया जातात.

वाहन सापडलेच नाही तर? नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांच्या रस्त्यावर अंधारात धडक देऊन पळालेली गाडी अनेकदा सापडत नाही. अशा वेळी कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. पुढे वाहन सापडून मोठी भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वजा होते. वाहन माहीत आहे पण चूक कोणाची हे सिद्ध करणे कठीण आहे, अशा स्थितीत कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख असा पर्याय आहे. मात्र तो स्वीकारला की कलम १६६ चा मोठा दावा सोडावा लागतो. चालक पिलेला होता आणि पुरावा बरा आहे, तेव्हा सहसा १६६ चाच मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पुढच्या हिशोबात दिसेल.

"चालक प्यायलेला होता, आम्ही देणार नाही"

विमा कंपनीचे हे वाक्य ऐकून कित्येक कुटुंबांनी दावाच लावलेला नाही. पॉलिसीतली ती अट कंपनी आणि वाहनमालक यांच्यातली आहे. रस्त्याने जाणाऱ्या तुमच्या माणसाने ती मोडलेली नाही. त्यामुळे न्यायालये बहुतेक वेळा कंपनीला आधी पीडितांना पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही प्रतिवादी करा.

खरी अडचण विमाच नसलेल्या वाहनाची आहे. तिथे वेळ फार महत्त्वाचा. तृतीय पक्ष विमा नसलेले वाहन, भरपाईपुरती हमी दिल्याशिवाय मालकाला सोडू नये आणि हमी न मिळाल्यास ते विकून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उषा देवी खटल्यात सांगितले आहे. मालक वाहन सोडवायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो तेव्हा तुमचा हरकतीचा अर्ज तिथे असायला हवा. वाहन एकदा सुटले की हातात काही उरत नाही.

दोन ठिकाणी विशेष जपा. मृत व्यक्ती धडक देणाऱ्याच मोटारीत बसलेली किंवा त्याच दुचाकीवर मागे बसलेली असेल आणि पॉलिसी केवळ तृतीय पक्षाची असेल, तर कंपनी जबाबदारी नाकारू शकते. आणि ऊसतोडीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जाणाऱ्या मजुरांच्या बाबतीत शेतीसाठीच्या विम्यावरून वाद होतोच. दोन्ही वेळा पॉलिसीची पूर्ण प्रत मिळवून वकिलांना दाखवा.

रक्कम कशी ठरते

समजा, ३४ वर्षांचा माणूस, स्वतःचा टमटम चालवायचा, महिन्याला १५,००० कमवायचा. मागे पत्नी, दोन मुले, आई.

- ४० वर्षांखालच्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवतात: २१,०००.
- अवलंबून असलेले चार जण, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: १५,७५०.
- वर्षाचे १,८९,०००.
- ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६: ३०,२४,०००.

याशिवाय सहवास गमावल्याबद्दल पत्नी, प्रत्येक मूल आणि आई यांना वेगवेगळी रक्कम, अंत्यविधीचा खर्च, संपत्तीचे नुकसान आणि दाव्याच्या तारखेपासून व्याज. गुणकाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी ठरवून दिलेली आहे. आता "दोन लाखांत मिटवून टाका" म्हणणाऱ्याचे बोलणे या हिशोबाशेजारी ठेवून पाहा.

सगळा भार उत्पन्नाच्या पुराव्यावर असतो आणि आपल्याकडे पगारपत्रक असणारे थोडे. म्हणून शोधा: साखर कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीतल्या अडत्याच्या हिशोबपट्ट्या, डेअरीच्या किंवा भूमकडे खव्याच्या भट्टीला घातलेल्या दुधाच्या नोंदी, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची लिखापढी, बचत गटाच्या वह्या, बँकेचे उतारे, फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदी. शेतकऱ्याच्या बाबतीत कंपनी म्हणते, जमीन तर शिल्लकच आहे. त्याला उत्तर असे की राबणारा आणि देखरेख करणारा गेला, आता मजुरी देऊन किंवा बटईने शेती करावी लागते. तो खर्च दाखवा.

घरातली बाई गेली तर "ती कुठं कमवत होती" असे घरचेच म्हणतात, हे मला सगळ्यात जास्त खटकते. स्वयंपाक, मुले, गोठा, शेतातली खुरपणी-काढणी या कामाचे मोल धरूनच भरपाई द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात पुन्हा ठामपणे सांगितले आहे. हा दावा तितक्याच हक्काने लावा.

मृताने हेल्मेट घातले नव्हते म्हणून दावाच जात नाही. फार तर रकमेत काही कपात मागितली जाते.

मिटवामिटवी, लोकअदालत आणि मध्यस्थ

मृत्यूचा गुन्हा गावच्या बैठकीत मिटत नाही. कायद्याने तो आपसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत नाही. समोरून माणुसकीने अंत्यविधीसाठी मदत आली तर घेणे-न घेणे तुमच्या मनावर, पण त्या बदल्यात कोऱ्या मुद्रांकावर किंवा "आमची तक्रार नाही" अशा कागदावर सही देऊ नका.

विमा कंपनी स्वतःहून तडजोडीची रक्कम देऊ करू शकते. ती मान्य करण्याचे बंधन नाही. वर दिलेला हिशोब आधी स्वतः मांडून पाहा. लोकअदालतीत निकाल लवकर लागतो, पैसेही लवकर येतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. दहा-बारा टक्के कमी घेऊन तीन-चार वर्षांच्या तारखा वाचत असतील तर तो शहाणपणाचा सौदा असू शकतो. निम्म्यावर येत असेल तर थांबा.

दवाखान्याच्या आवारातच "साहेब, आम्ही केस बघतो, खर्च काही नाही, मिळाल्यावर तीस टक्के" म्हणणारे भेटतात. निकालाच्या रकमेत वाटा ठरवणे वकिलांना व्यवसायाच्या नियमांनी मना आहे. वकील स्वतः निवडा, फी आधी ठरवा, पावती घ्या. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदत क्रमांक १५१००.

पैसे आल्यावर घरात

अपघाताचे खरे दीर्घ परिणाम इथून पुढे दिसतात. सासरे म्हणतात, मुलगा आमचा होता. सुनेचे भाऊ म्हणतात, संसार तिचा मोडला. दोघांचेही दुःख खरे असते, आणि म्हणूनच वाटणी न्यायाधिकरणाने करून द्यावी असे अर्जातच मागा. अज्ञान मुलांचा हिस्सा मुदत ठेवीत राहतो आणि बाकीचा प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात थेट जातो. विधवेचे खाते तिच्या एकटीच्या नावाने, तिचाच मोबाईल क्रमांक जोडून काढा. एटीएम कार्ड दिराकडे आणि पासबुक सासऱ्यांकडे, असे नको.

ती माहेरी राहायला गेली म्हणून तिचा हक्क जात नाही. तिने दुसरे लग्न केले म्हणूनही जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे स्पष्ट केले आहे. विशी-पंचविशीतल्या मुलीला "केस चालू आहे तोवर लग्न करू नको" म्हणून अडवून ठेवणारी घरे आहेत. त्यांनी हा निकाल लक्षात घ्यावा.

शेतजमिनीवर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे ३ महिन्यांच्या आत द्या. पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांची नावे लागतात. मुलींची नावे गाळून केलेली नोंद पुढे भावाबहिणींना कोर्टात उभे करते.

भरपाईशिवाय मिळू शकणारे

यातल्या पहिल्या दोन मुदती फार लहान आहेत, त्या चुकतात म्हणून आधी लिहितो.

- गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान: सातबारावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य, वय १० ते ७५. मृत्यूसाठी २ लाख. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज.
- प्रधानमंत्री सुरक्षा विमा: खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर २ लाख. पासबुकात ती नोंद शोधा आणि बँकेला ३० दिवसांत कळवा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विम्याचे आणखी २ लाख.
- राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य: दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेल्यास २० हजार, तहसील कार्यालयात.
- संजय गांधी निराधार योजना: पात्र विधवेला महिन्याला १,५०० रुपये.
- क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना: एक पालक गमावलेल्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज. मुलांची शाळा सुटू नये यासाठी याचा आधार मोठा आहे, आणि तरी फार थोडी घरे अर्ज करतात.

माणूस वाचला, पण अंथरुणाला खिळला

अशा घराची ओढाताण कित्येकदा जास्त असते, कारण कमावणारा अंथरुणाला लागला आणि सांभाळणाराही घरी बसला. दाव्यात उपचारखर्चासोबत गमावलेली कमाई, कायमच्या सोबत्याचा खर्च, पुढची ऑपरेशने, वेदना हे सगळे मागता येते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान एकच नसते. पाय गेलेल्या ट्रकचालकाचे प्रमाणपत्र ६० टक्क्यांचे असेल, पण गाडी चालवण्याची त्याची कमाई पूर्ण गेलेली असते. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष दाव्यात जरूर घ्या.

गेलेला आपलाच माणूस प्यायलेला होता

हा प्रश्न लोक खालच्या आवाजात विचारतात. स्वतःच्याच चुकीने झालेल्या अपघातात मृताच्या वारसांना त्याच वाहनाच्या विम्यातून भरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा सांगितले आहे. वर दिलेल्या शेतकरी अपघात योजनेतही नशेत वाहन चालवल्याचे कारण अडसर ठरते. पण समोरच्या वाहनाचीही चूक असेल तर त्याच्या हिश्श्यापुरता दावा टिकतो. विधवेचे निराधार अनुदान, मुलांचे बालसंगोपन, कुटुंब अर्थसाहाय्य यांचा मृत्यूच्या कारणाशी संबंध नाही. तिथे लाजून मागे राहू नका. पोरांनी काही केलेले नाही.

झोप येत नसेल तर

वर्ष झाले तरी हॉर्न ऐकून दचकणारी आई, वडिलांचा फोन चार्ज करून ठेवणारा मुलगा, अचानक दारूकडे वळलेला भाऊ, ही माणसे 'सावरत नाहीत' असे म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. मुलांना "बाबा गावाला गेलेत" असे सांगू नका. मृत्यू झाला आहे हे त्यांच्या वयाला कळेल अशा शब्दांत सांगा, दिवसकार्यात त्यांना सोबत ठेवा आणि शाळेतल्या बाईंना किंवा सरांना तुम्ही स्वतः भेटून कल्पना द्या. न्यायालयात साक्षीची तारीख असेल त्या आठवड्यात घरातली झोप पुन्हा उडते. त्या दिवशी सोबत कोण जाणार हे आधीच ठरवून ठेवा, बाईमाणसाला एकटीला पाठवू नका.